शिंगरोबाचं नाणं

गुरुवारी रात्री एकदाचं रिलीज पार पडलं आणि शनिवारी भल्या पहाटे आम्ही चौघं सायकली घेऊन खोपोलीत हजर! बेत साधाच होता. जुन्या रस्त्याने बोरघाट चढायचा, लोणावळ्यात चहा-भजी हाणायची आणि दिवसाउजेडी परत. (एक्सप्रेस वे वर सायकलला मनाई आहे, त्यामुळे जुना रस्ता.)

घाट सुरू झाल्यावर पहिली दहा मिनिटं सगळे गप्पा मारतात. मग नुसत्या धापा ऐकू येतात. शिंगरोबाचं देऊळ येईपर्यंत माझे सगळे गिअर वापरून संपले होते, म्हणून 'दर्शन घेऊ या' म्हणत उतरलो.

शिंगरोबाची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. इंग्रजांना रेल्वेसाठी घाटातून वाट सापडत नव्हती. शिंगरोबा नावाच्या एका धनगराने ती दाखवली. साहेब खूश झाला, म्हणाला, बोल काय बक्षीस हवं? शिंगरोबा म्हणाला, आमचा देश सोडून जा. साहेबाने त्याला गोळी घातली. आजही घाटातून जाणारे ड्रायव्हर या देवळापाशी गाडी हळू करतात आणि नाणं टाकतात.

"सुट्टे आहेत का रे?" मित्राने विचारलं. चौघांच्या खिशांत मिळून एक नाणं निघेना! सगळा कारभार फोनवर. मी आपला शहाणपणा करत म्हणालो, "जाऊ दे ना, तसाही या गोष्टीला काही पुरावा नाहीये."

"बरं, मग पुरावा कशाकशाचा आहे?"

पुढचा चढ असा होता की उत्तर द्यायला श्वासच नव्हता. घरी येऊन वाचत बसलो. आज लिहितोय ते त्याला द्यायचं राहिलेलं उत्तर.

पहिली गोष्ट, वाट सापडत नव्हती हे काही खरं नाही. १८०४ मध्ये वेलस्लीने इथून तोफा नेण्यापुरता रस्ता करवला होता. १८३० मध्ये, माल्कम गव्हर्नर असताना, गाड्या जातील असा नीट बांधलेला रस्ता सुरू झाला. त्याआधी बैलांच्या पाठीवरून माल जातच होता. रेल्वेची अडचण वेगळी होती. बैल उभा चढ चढतो, सायकलवाला रडतखडत चढतो, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरतं. त्यामुळे मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली याने काही वर्षं सर्व्हे केले आणि शेवटी साधारण २५ किलोमीटरमध्ये १,८३१ फूट चढणारा मार्ग आखला. सगळ्यात तीव्र चढ ३७ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर. सायकलवाल्याला हा चढ म्हणजे पर्वणी वाटेल, पण आगगाडीसाठी तो भयंकर आहे. आजही कर्जतला गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात, ती त्यासाठीच. शिवाय मध्ये एक रिव्हर्सिंग स्टेशन होतं. तिथे गाडी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला जायचं आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढायची. हा प्रकार १९२९ पर्यंत चालू होता.

काम १८५६ मध्ये सुरू झालं. २५ बोगदे, ८ मोठे पूल, आणि सगळं हातांनी. कड्यावरून दोराने माणसं खाली सोडायची, त्यांनी लोंबकळत पहारीने भोकं पाडायची, सुरुंग भरायचे आणि वर ओढून घ्यायची वाट बघायची. मजुरी थकली म्हणून १८५९ च्या जानेवारीत मजुरांचा दंगा झाला. त्याच वर्षी फॅव्हिएल या कंत्राटदाराने काम सोडलं. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच आजारी पडून वारला. त्याची बायको अॅलिस हिने कंत्राट स्वतःकडे घेतलं आणि मॅनेजर नेमून काम पूर्ण करवलं. १८६१ मध्ये एका वेळी ४० हजारांहून जास्त मजूर या डोंगरात होते. कॉलऱ्याने, सुरुंगाने, कड्यावरून पडून माणसं मरत होती. २१ एप्रिल १८६३ ला घाट सुरू झाला. बर्कली ते बघायला नव्हता, तो आदल्याच वर्षी इंग्लंडमध्ये वारला होता.

आता गंमत बघा. बर्कलीचं नाव आहे, फॅव्हिएलचं आहे, ट्रेडवेल नवरा-बायकोचं आहे. चढ किती, बोगदे किती, सगळं आहे. मजुरांचा मात्र नुसता आकडा आहे.

हे डोक्यात असतानाच दोन आठवड्यांनी नाणेघाटात गेलो. या वेळी पायी. कल्याणहून एसटीने वैशाखरे आणि तिथून जंगलातून वर. शेवटच्या टप्प्यात दगड रचलेली जुनी वाट लागते. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा, दोन हजार वर्षांपूर्वी. वर खिंडीत दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकायचे असं सगळे सांगतात. (हा सुद्धा ऐकीवच पुरावा बरं का!)

खिंडीच्या तोंडाशी गुहा आहे. आत भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख, बहुतेक अभ्यासकांच्या मते इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. १८२८ मध्ये साइक्सने तो नोंदवला. पुढे भगवानलाल इंद्रजींनी त्यातले आकडे उलगडले आणि ब्यूलरने लेख छापला. आमच्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांनी तर तो बघायलाच हवा. त्यात शून्य नाही. हजाराच्या चिन्हाला चार जोडलं की चार हजार. म्हणजे २४,४०० लिहायला तीन चिन्हं पुरतात: वीस हजार, चार हजार, चारशे.

हे २४,४०० म्हणजे यज्ञात दिलेले कार्षापण, त्या काळची नाणी. यज्ञाला जमलेल्यांना ६,००१. गाई किती, हत्ती किती, सगळं कोरलंय. मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या, त्या जवळजवळ नाहीशा झाल्यात, वरची नावं राहिलीत. पण ही गुहा कोणी कोरली, वाटेवरचे दगड कोणी रचले? त्याबद्दल भिंतीवर एक अक्षर नाही.

दमून गुहेत बसलो होतो, तेव्हा मला माझंच वाक्य आठवलं. 'पुरावा नाहीये.' अहो, असणार कसा? छिन्नी-हातोडा ज्याच्या हातात होता त्याने भिंतीवर काय लिहायचं ते राणीने ठरवलं. बोरघाटात हजेरीपट कंत्राटदाराकडे होते. ज्यांच्या हातात लिहिणं नव्हतं त्यांच्याकडेच आपण कागद मागतो.

शिंगरोबाने वाट दाखवली हे मी आजही इतिहास म्हणून मान्य करणार नाही. पण डोंगर माहीत असलेला माणूस, त्याचं काम, वर त्यालाच गोळी - यातलं काम आणि मरण हजारोंच्या बाबतीत खरं होतं. त्या सगळ्यांमधलं लोकांनी एक नाव धरून ठेवलं आणि कोणीही न सांगता त्याची जकात भरत राहिले.

१८३० चा म्हणून ओळखला जाणारा अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला. देऊळ अजून आहे.

असो. मित्राला फोन करून हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे आपली चार नाणी उधार आहेत."

पुढच्या शनिवारी निघतोय. सुट्टे घेतलेत.