कोयनेच्या वरच्या खोऱ्यातील जुनी वस्ती व वाटा

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, लढाया आणि सनावळ्या उभ्या राहतात. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरील जावळीच्या मुलुखाविषयी तर हे विशेषच खरे आहे. शिवछत्रपतींनी १६५६ साली चंद्रराव मोऱ्यांपासून जावळी घेतली, त्यानंतर प्रतापगड उभा राहिला आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी त्याच्या पायथ्याशी अफझलखानाचा निकाल लागला, हे शाळेतील पोरालाही ठाऊक असते. परंतु ज्या रानात एवढे राजकारण घडले त्या रानात माणसे राहात कशी होती, काय खात होती आणि एका गावाहून दुसऱ्या गावी जात कशी होती, याविषयी फार थोडे लिहिले गेले आहे. आपल्यापैकी ज्या कुटुंबांचे मूळ त्या खोऱ्यात आहे, त्यांच्या नव्या पिढीस तर ती गावे नकाशावरही सापडत नाहीत. त्याचे कारण पुढे येईलच.

कोयना महाबळेश्वरी उगम पावते आणि सह्याद्रीच्या दोन धारांमधून सुमारे पासष्ट किलोमीटर नीट दक्षिणेस वाहत जाते. हेळवाकजवळ ती एकदम पूर्वेस वळते आणि कऱ्हाडास कृष्णेला मिळते. या लांबोळक्या खोऱ्याच्या पश्चिमेस कोकणचा कडा तुटलेला, पूर्वेस कास-बामणोलीकडील उंच पठारे, आणि मध्ये कांदाटी, सोळशी अशा उपनद्यांची लहान खोरी. महाबळेश्वरी वर्षास सुमारे सहा हजार मिलिमीटर, म्हणजे जुन्या मापाने सव्वादोनशे ते अडीचशे इंच पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांतच. खोऱ्यातील सारे जीवन या एका गोष्टीभोवती बांधलेले होते.

घरे कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली, वर गवताचे किंवा भाताच्या पेंढ्याचे छप्पर. मृगापूर्वी भिंतींना बाहेरून गवताच्या झडपा बांधाव्या लागत, नाही तर वाऱ्याबरोबर येणारा पाऊस कूड धुऊन नेई. आगोटीची बेगमी हे वर्षातले सर्वांत मोठे काम. जळाऊ लाकूड, मीठ, मिरची, सुकी मासळी, गुरांची वैरण ही सगळी ज्येष्ठाच्या आत घरात आली पाहिजेत. त्यानंतर ओढे फुगले की पलीकडच्या वाडीशीही बोलणे तुटे. चूल दिवसभर पेटती ठेवीत. तिच्या धुरावर माळ्यावरचे बियाणे आणि अंगावरची घोंगडी दोन्ही सुकत. त्या धुराने बायकांचे डोळे जात, हेही येथे सांगितले पाहिजे. जुन्या घरांचे वर्णन करताना आपण सारवलेल्या अंगणाचे कौतुक करतो आणि हे विसरतो.

सपाट जमीन थोडी, त्यामुळे भात नदीकाठच्या खाचरांतून आणि नाचणी, वरी, सावा डोंगरउतारावर. उतारावरची झाडी तोडून, जाळून दोन-तीन वर्षे पीक घ्यावयाचे आणि मग ती जागा टाकून पुढे सरकावयाचे, या कुमरीच्या पद्धतीवर कित्येक घरे जगत. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव जंगले आखली गेली आणि कुमरीवर बंधने आली. सरकारचे म्हणणे, रान उजाड होते. रयतेचे म्हणणे, पोट उजाड होते. आमच्या मते दोघांचेही काही अंशी खरे होते. पण त्या वादात नमते घ्यावे लागले ते रयतेलाच. हिरडा आणि मध गोळा करून चार पैसे मिळत, तेवढेच रोख.

आता वाटांविषयी. आज आपण या खोऱ्यास दुर्गम म्हणतो, पण जुन्या काळी ते कोकण आणि देश यांच्या मधले दार होते. पारघाट, हातलोटचा घाट, आंबिवलीची वाट आणि दक्षिणेस कुंभार्लीचा घाट यांतून मीठ, मासळी, नारळ वर येत आणि धान्य, गूळ खाली जाई. बैलांचे तांडे जेथे चढू शकत तेथे तांडे. जेथे नाही तेथे माणसाच्या डोक्यावर. चकदेवाच्या डोंगरास खेडकडील आंबिवलीहून जी वाट येते, ती कड्याला शिड्या लावून काढलेली आहे. पूर्वी त्या लाकडी होत्या, पुढे लोखंडी झाल्या. पाठीवर ओझे घेऊन त्यावरून चढणारी माणसे आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिली होती. ओढ्यांवर लाकडाचे साकव घालीत आणि ते दरसाल वाहून जात, दरसाल पुन्हा घालीत. डोईवर इरले, हातात काठी, एवढ्यावर पावसाळ्यातला प्रवास होई.

आजारी माणसास व अडलेल्या बाळंतिणीस मात्र डोलीखेरीज उपाय नव्हता. दोन बाजूंस दोन-दोन गडी, बदली म्हणून आणखी चार, अशी आठ माणसे मिळाली तरच डोली निघे. भातलावणीच्या दिवसांत आठ माणसे कोठून मिळावीत? किती जणी वाटेतच गेल्या याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

मुंबईच्या गिरण्या आणि गोद्या उभ्या राहिल्या तेव्हा या खोऱ्यातील तरुण तिकडे ओढले गेले. घाट उतरून चिपळूण-खेडकडे आणि तेथून बंदरावर, किंवा मेढ्यावरून साताऱ्याकडे. मनिऑर्डर आली की घरात मीठमिरची येई. जावळी-पाटणची हजारो माणसे पुढे हमालीत शिरली. पाटण तालुक्यातील अण्णासाहेब पाटील यांनी त्यांची संघटना बांधली आणि १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला, हा त्याच प्रवासाचा पुढला टप्पा.

आणि मग धरण आले. १९५० नंतरच्या दशकात काम सुरू झाले, १९६२ साली पोफळी येथे वीज निघाली आणि शंभराच्या आसपास गावे कमीअधिक प्रमाणात शिवसागराच्या पाण्याखाली गेली. कुटुंबे सोलापूर, सांगली, ठाणे, कुलाबा, रत्नागिरी अशा जिल्ह्यांत पांगली. भात लावणाऱ्या माणसांस सोलापूरच्या कोरड्या माळावर उभे केले गेले. तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. महाराष्ट्रात तो १९७६ साली झाला. तोवर नोटिसा, पंचनामे, भूखंडाचे कागद यांत एक पिढी संपली. २०१८ साली धरणग्रस्तांना कोयनानगरात दीर्घ ठिय्या द्यावा लागला, यावरून त्या प्रश्नाचे वय कळावे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाने पावणेदोनशेहून अधिक माणसे घेतली, तो घाव वेगळाच.

जी गावे वर उरली, त्यांची कथा निराळी आहे. पाण्याने त्यांच्या वाटा गिळल्या. पूर्वी बामणोलीस चालत जाणारा कांदाटी खोऱ्यातील माणूस आता लाँचची वाट पाहू लागला. वादळ असले की लाँच नाही. ज्या पाण्यावर राज्याचे कारखाने चालले, त्याच्या काठच्या कित्येक वाड्या अनेक वर्षे रॉकेलच्या दिव्यावर होत्या. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य आणि २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाल्यावर आणखी काही वाड्या उठल्या. रघुवीर घाटाने खेडकडून मोटार शिंदीपर्यंत पोचली आणि तापोळ्याजवळ जलाशयावर मोठ्या पुलाचे कामही हाती घेण्यात आले. हे चांगलेच झाले, फक्त पूल होईतो पलीकडे राहिली किती घरे, हे कोणी मोजलेले नाही.

वैशाख-ज्येष्ठात पाणी उतरले की काठावर जुनी जोती उघडी पडतात. सोलापूर-सांगलीकडील काही मंडळी त्या दिवसांत येऊन आपापले जोते ओळखून जातात. आपल्या सभासद कुटुंबांपैकी ज्यांच्या घरी जुने सातबाराचे उतारे, संपादनाच्या नोटिसा, मनिऑर्डरीच्या पावत्या अगर गाव सोडताना घेतलेली एखादी तसबीर असेल, त्यांनी त्यांची नक्कल पुढील स्मरणिकेच्या आत संपादक मंडळाकडे द्यावी. मूळ कागद कोणीही देऊ नये. ते दाव्यांत अजून लागतात.