ब्रेस्ट कॅन्सरची तपासणी सगळ्या महिलांपर्यंत का पोहोचत नाही?

दर ऑक्टोबरमध्ये आपली फीड गुलाबी होते. 'वेळेत तपासणी करा' अशा पोस्ट फिरतात. पण प्रत्यक्षात तपासणी करतं कोण? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 (2019-21) नुसार देशातल्या 30 ते 49 वयोगटातल्या फक्त 0.9 टक्के महिलांनी कधीतरी स्तनांची तपासणी करून घेतली होती. म्हणजे शंभरात एकही नाही. दुसरीकडे, ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार 2022 मध्ये भारतात ब्रेस्ट कॅन्सरचे सुमारे 1 लाख 92 हजार नवे रुग्ण होते आणि 98 हजारांहून अधिक मृत्यू झाले.

स्क्रीनिंग म्हणजे काय?

काहीही त्रास नसताना केलेली तपासणी. ती मुख्यतः दोन प्रकारे होते. एक म्हणजे मॅमोग्राफी, अर्थात स्तनांचा एक्स-रे. दुसरी, प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी हाताने करतात ती. केंद्र सरकारच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 30 ते 65 वयाच्या महिलांची दर 5 वर्षांनी हाताने तपासणी व्हायला हवी.

पुण्यात फरक कुठे पडतो?

खराडीतल्या आयटी कंपनीत काम करणाऱ्या महिलेला ऑफिसकडून हेल्थ चेकअप मिळू शकतं. स्वतः पैसे भरले, तरी जुन्या करप्रणालीत अशा चेकअपवर 5 हजार रुपयांपर्यंत करसवलत आहे. जी कर भरतच नाही, तिला या सवलतीचा काय उपयोग?

2011 च्या जनगणनेनुसार पुणे महापालिका हद्दीतले सुमारे 22 टक्के लोक झोपडपट्टीत राहतात. जनता वसाहतीत राहून चार घरची कामं करणाऱ्या ताईंचा हिशेब वेगळा असतो. सरकारी ओपीडीची वेळ साधारण सकाळची, कामाची वेळही तीच. दांडी मारली तर पगार कापला जातो. खासगी मॅमोग्राफीला हजार-दोन हजार रुपये सहज जातात. त्यात पुरुष डॉक्टर असेल का, ही धास्ती. शिवाय सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, मग 'बघू नंतर' म्हणत महिने जातात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरवरचे उपचार आहेत. पण उपचारांची पाळी येते ती निदान झाल्यावर.

फुकट केलं की प्रश्न सुटतो?

पूर्ण नाही. ब्रिटनमध्ये 50 ते 71 वयाच्या महिलांना दर 3 वर्षांनी मोफत मॅमोग्राफीचं बोलावणं येतं. तरीही गरीब भागांतून कमी महिला येतात.

मग उपाय काय?

तो मुंबईत दिसला. टाटा मेमोरियलने 1998 मध्ये मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमधल्या 35 ते 64 वयाच्या 1 लाख 51 हजार महिलांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित महिला आरोग्य सेविकांनी दर 2 वर्षांनी, एकूण 4 वेळा, हाताने तपासणी केली. 2021 मध्ये 'बीएमजे' या नियतकालिकात निष्कर्ष आले. तपासणी झालेल्या गटातल्या रुग्णांपैकी 37 टक्के महिलांचा कॅन्सर तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडला. दुसऱ्या गटात हे प्रमाण 47 टक्के होतं. 50 आणि त्यापुढच्या महिलांमध्ये मृत्यूदर जवळपास 30 टक्क्यांनी घटला. 50 च्या आतल्या महिलांमध्ये मात्र मृत्यूदरात ठोस फरक दिसला नाही.

महागडं मशीन नव्हतं. तपासणी बाईपर्यंत गेली आणि करणारीही बाईच होती.

तुम्ही काय करू शकता?

- 30 च्या पुढे असाल तर जवळच्या महापालिका दवाखान्यात किंवा आशाताईंकडे तपासणीबद्दल विचारा.
- गाठ, त्वचेला खळी किंवा निप्पलमधून रक्त दिसलं, तर वय कितीही असो, लगेच डॉक्टरांकडे जा.
- तुमच्या घरी काम करणाऱ्या ताईंना तपासणीसाठी एक दिवस सुट्टी द्या, पगार न कापता. पोस्ट शेअर करण्यापेक्षा ही सुट्टी जास्त कामाची आहे.