रेडिसमधील आज्ञांची रांग

मेमरीत माहिती ठेवणाऱ्या रेडिस या डेटाबेसला अनेक आज्ञा एका गठ्ठ्याने देण्याची पद्धत. इटलीतील प्रोग्रामर साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी २००९ मध्ये रेडिस सी भाषेत लिहून प्रसिद्ध केली.

गठ्ठ्याचे दोन प्रकार असून त्यांची गल्लत नेहमी होते. पाइपलायनिंगमध्ये क्लायंट आधीच्या उत्तराची वाट न पाहता पुढच्या आज्ञा पाठवतो. आज्ञा जाऊन उत्तर परत येण्याच्या एका फेरीला २५० मिलिसेकंद लागत असतील, तर एकेक आज्ञा पाठवणाऱ्याच्या सेकंदाला चारच आज्ञा होतात, मग सर्व्हर कितीही वेगवान असो. गठ्ठ्यामुळे हा वेळ वाचतो. मात्र उत्तरे तोवर सर्व्हरच्या मेमरीत साठत असल्याने सुमारे १०,००० आज्ञांचे तुकडे पाडावेत, अशी शिफारस आहे. पाइपलाइनमधल्या दोन आज्ञांच्या मध्ये दुसऱ्या क्लायंटची आज्ञा शिरू शकते.

हे टाळण्यासाठी ‘मल्टी’ व ‘एक्झेक’ आहेत. मल्टीनंतरची प्रत्येक आज्ञा सर्व्हर रांगेत लावतो आणि निकालाऐवजी ‘क्यूड’ एवढेच कळवतो. एक्झेक येताच सारी रांग क्रमाने, कोणाचीही आज्ञा मध्ये न येता चालते व उत्तरे एका यादीत परततात. ‘डिस्कार्ड’ने रांग रद्द होते. एक्झेकपूर्वी कोणताच निकाल हाती येत नसल्याने रांगेतल्या आज्ञेवरून पुढचा निर्णय घेता येत नाही. पद्धतीची खरी मर्यादा हीच. उदाहरणार्थ, शिल्लक साठा पाहून तो घटवायचा असेल, तर आधी साठ्याच्या किल्लीवर (ज्या नावाखाली तो आकडा ठेवला आहे त्यावर) ‘वॉच’ लावून आकडा वाचतात व मग मल्टी देतात. दरम्यान कोणी तो आकडा बदलला, तर एक्झेक काहीही न करता रिक्त उत्तर देते आणि क्लायंटला पुन्हा सुरुवात करावी लागते.

आज्ञेचे नाव किंवा मांडणी चुकली, तर आवृत्ती २.६.५ पासून एक्झेक संपूर्ण रांग नाकारते. चूक अंमलाच्या वेळी निघाली, जसे मजकुराच्या किल्लीवर यादीची आज्ञा, तर तेवढीच आज्ञा फसते. बाकीच्या पूर्ण होतात आणि झालेले बदल मागे घेतले जात नाहीत. बदल मागे घेण्याची सोय दिल्यास साधेपणा व वेग यांना मोठी झळ पोहोचेल, असे रेडिसच्या दस्तऐवजात म्हटले आहे. अशा रांगेला डेटाबेसच्या पूर्ण अर्थाने ‘व्यवहार’ (ट्रान्झॅक्शन) म्हणावे का, यावर एकमत नाही.

आवृत्ती २.६ पासून लुआ भाषेतल्या स्क्रिप्टनेही अनेक आज्ञा अशाच, मध्ये कोणाची आज्ञा न येता, चालवता येतात.

रेडिस अनेक सर्व्हरांवर विभागून चालवला, म्हणजे क्लस्टरमध्ये, तर किल्ल्या १६,३८४ खाचांत विभागलेल्या असतात. एका रांगेतील सर्व किल्ल्या एकाच खाचेत असाव्या लागतात.