डीएनए प्रतिकृतीकरणाचा कालक्रम

पेशीचे विभाजन होण्यापूर्वी तिच्यातील सर्व डीएनएची दुसरी प्रत तयार होते. मात्र सगळ्या भागांची प्रत एकाच वेळी निघत नाही. कोणता भाग आधी आणि कोणता नंतर, याच्या ठरलेल्या क्रमाला प्रतिकृतीकरणाचा कालक्रम म्हणतात. मानवी पेशीत हे काम साधारण आठ तास चालते. ज्या भागांतील जनुके कार्यरत असतात त्यांची पाळी बहुधा आधी येते. घट्ट गुंडाळलेल्या, मूक भागांची अखेरीस.

याचे ठळक उदाहरण पुणे जिल्ह्याच्या रानातच आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील भीमाशंकर अभयारण्यात भेकर राहते. धोक्याची चाहूल लागताच कुत्र्यासारखे भुंकणारे हे लहानखुरे हरिण. मादीच्या पेशीत अवघी ६ गुणसूत्रे असतात, नराच्या पेशीत ७. ज्ञात सस्तन प्राण्यांत याहून कमी संख्या नाही. डोरिस वुर्स्टर आणि कर्ट बेनिर्श्के यांनी १९७० मध्ये ती नोंदवली. चीनमधील भेकराला मात्र ४६ आहेत. उत्क्रांतीच्या ओघात भारतीय भेकराची गुणसूत्रे एकमेकांना जोडली गेली आणि एक्स गुणसूत्रही तिसऱ्याला चिकटले.

इथे पेच निर्माण होतो. सस्तन मादीच्या दोन एक्सपैकी एक मूक होते, हे मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडले. मूक एक्सची प्रतही उशिरा निघते. मग त्याला जोडलेले तिसरे गुणसूत्र गप्प का होत नाही? सूक्ष्मदर्शकाखाली दोहोंच्या मध्ये एक बारीक, लांबट मान दिसते. ती हेटेरोक्रोमॅटिनची, म्हणजे घट्ट गुंडाळलेल्या डीएनएची असून तिची प्रतही उशिराच तयार होते. एक्सचे मूकत्व या मानेपलीकडे जात नसावे, असे मानले जाते.

मग प्रतिकृतीकरणाची वेळ आणि जनुकाविष्कार, म्हणजे जनुक कार्यरत असणे, यांत कारण कोणते आणि परिणाम कोणता?

बीटा-ग्लोबिन जनुकाचा भाग रक्तपेशी घडवणाऱ्या पेशींत लवकर, तर इतर बऱ्याच पेशींत उशिरा प्रतिकृत होतो. म्हणजे पेशीचे काम बदलले की वेळही बदलते. उलट बाजूही आहे. जेरुसलेममधील हॉवर्ड सेडार यांच्या गटाने २००२ मध्ये पेशीकेंद्रकात डीएनए टोचला. लवकरच्या टप्प्यात टोचलेल्या डीएनएभोवती जनुकाविष्काराला अनुकूल हिस्टोन (डीएनए ज्यांभोवती गुंडाळला जातो ती प्रथिने) बसले, उशिराच्या टप्प्यात प्रतिकूल. पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये मात्र हा संबंध क्षीण आहे. त्यामुळे केवळ प्रतिकृतीकरणाच्या वेळेवरून एखादे जनुक चालू आहे की बंद, हे खात्रीने सांगता येत नाही.