दाखला कोणाचा?

मंडळी, कॉलेजच्या दाखल्यावर जन्मतारीख असते, जात असते. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला संस्थानच्या नोकरीतल्या रिकाम्या होणाऱ्या ५० टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखल्या. तिथं जातीच्या नोंदीनं दार उघडलं. पण तीच नोंद वर्गात मोठ्यानं वाचली, की पोरगं मान खाली घालतं. म्हणजे बघा, प्रश्न नोंदीचा नाही, ती कोण वाचतो याचा आहे. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघण्याचा हक्क दिला. २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. दोन्ही निकाल शेजारी ठेवून आम्ही इतकंच म्हणतो: कपाट कॉलेजचं, माहिती विद्यार्थ्याची. त्याला ती मागताक्षणी दाखवावी. दुसऱ्याला दाखवायची, तर आधी त्याला विचारावं.