फोटो '५० केबी'त कसा बसवायचा? क्रॉप, रिसाइझ, सही आणि आधार झाकण्याची सोपी पद्धत

अर्ज पूर्ण भरून झालाय, फी भरायची तेवढी बाकी आहे आणि शेवटच्या टप्प्यावर स्क्रीनवर लाल अक्षरं उमटतात: फोटोची फाइल मर्यादेपेक्षा मोठी आहे. सरकारी नोकरी, बँकेची परीक्षा किंवा स्कॉलरशिपचा अर्ज भरलेल्या बहुतेकांनी हा अनुभव घेतलाय.

सावनेरसारख्या तालुक्याच्या गावात यावरचा उपाय ठरलेला असतो. नेट कॅफे किंवा सेवा केंद्र गाठायचं, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा आणि 'दादा, एवढा बसवून द्या ना' म्हणायचं. खापा, केळवद, पाटणसावंगीहून येणाऱ्यांना तर त्यासाठी वेगळी चक्कर पडते. शेवटच्या तारखेला गर्दी असली की दिवस जातो. शिवाय फोटो, सही आणि आधार कार्ड अनोळखी कॉम्प्युटरवर राहून जातं, ते वेगळंच.

खरं तर हे काम घरी दहा मिनिटांत होतं. त्यासाठी पूर्ण फोटो एडिटिंग शिकायची गरज नाही. चार गोष्टी आल्या की पुरे: कापणं, लहान करणं, योग्य प्रकारे सेव्ह करणं आणि झाकणं.

कोणतं सॉफ्टवेअर वापरायचं?

फोटो एडिटिंग म्हटलं की फोटोशॉप आठवतं. १९९० मध्ये बाजारात आलेलं हे सॉफ्टवेअर आज पैसे भरून वापरावं लागतं. या कामासाठी त्याची गरज नाही.

'जिम्प' हे सॉफ्टवेअर पूर्णपणे मोफत आहे. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठातल्या स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये ते बनवायला सुरुवात केली. मार्च २०२५ मध्ये त्याची ३.० ही आवृत्ती आली. जिम्प डॉट ओआरजी या अधिकृत साइटवरूनच ते डाउनलोड करा. खालच्या पायऱ्या जिम्पच्या आहेत, पण क्रॉप, रिसाइझ, क्वालिटी हे शब्द बहुतेक सगळ्या अ‍ॅपमध्ये सापडतील.

पिक्सेल आणि केबी यात फरक काय?

गोंधळ इथेच होतो. फोटो लहान लहान रंगीत ठिपक्यांचा बनलेला असतो. त्या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. २०० × २३० म्हणजे आडवे २०० आणि उभे २३० ठिपके. केबी म्हणजे ती फाइल किती जागा घेते, ते माप.

मोबाइलमधला १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० × ३००० पिक्सेलचा, म्हणजे सव्वा कोटीच्या आसपास ठिपक्यांचा असतो. अर्जातल्या २०० × २३० च्या चौकटीत फक्त ४६ हजार मावतात. म्हणून आधी ठिपके कमी करायचे, मग केबी बघायचे. उलट्या क्रमाने गेलात तर फोटो धुरकट होतो.

उदाहरणासाठी बँक भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसची मापं घेऊ. फोटो २०० × २३० पिक्सेल, २० ते ५० केबी. सही १४० × ६० पिक्सेल, १० ते २० केबी. इतर परीक्षांची मापं वेगळी असू शकतात, त्यामुळे आपल्या जाहिरातीतला आकडा बघूनच कामाला लागा.

फोटो कसा बसवायचा?

१. मूळ फोटोची कॉपी करा. काम कॉपीवरच करायचं. जेपीजी फाइल बदलून पुन्हा पुन्हा सेव्ह केली की दर वेळी थोडा दर्जा जातो आणि तो परत येत नाही.

२. जिम्पमध्ये फोटो उघडा आणि क्रॉप टूल घ्या. टूलच्या पर्यायांमध्ये 'फिक्स्ड'वर टिक करा, 'आस्पेक्ट रेशो' निवडा आणि २००:२३० लिहा. आता चौकट कितीही ओढली तरी प्रमाण तेच राहील. चेहरा मधोमध घेऊन एंटर दाबा. चुकलं तर कंट्रोल आणि झेड.

३. 'इमेज' मेनूमधून 'स्केल इमेज' उघडा. रुंदी २०० टाका, उंची आपोआप २३० च्या आसपास येईल. एखाद्या पिक्सेलचा फरक दिसला तर शेजारची साखळी सोडून उंची हाताने लिहा. क्रॉप न करता साखळी सोडली, तर मात्र चेहरा ताणला जातो. अर्जांमध्ये दिसणारे लांबट चेहरे यातूनच येतात.

४. आता 'फाइल' मेनूमधून 'एक्सपोर्ट अ‍ॅज' घ्या. नवशिके इथे अडकतात. जिम्पमध्ये 'सेव्ह' केलं की एक्ससीएफ नावाची फाइल तयार होते, ती अर्जात चालत नाही. नवीन नाव देऊन शेवटी डॉट जेपीजी लिहा.

५. पुढच्या चौकटीत 'क्वालिटी'ची पट्टी दिसेल. 'शो प्रिव्ह्यू'वर टिक केलं की फाइल किती केबीची होईल, ते तिथेच कळतं. आकडा जास्त असेल तर पट्टी डावीकडे न्या.

इतका लहान फोटो कधी कधी २० केबीच्याही खाली जातो आणि 'फाइल लहान आहे' म्हणून नाकारला जातो. तसं झालं तर क्वालिटी वाढवा, आकडा वर येईल.

सही काळपट का दिसते?

घरातल्या उजेडात काढलेल्या फोटोत पांढरा कागद करडा दिसतो. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने सही करा आणि खिडकीजवळ, हाताची सावली पडणार नाही असा फोटो काढा. मग जिम्पमध्ये 'कलर्स' मेनूतलं 'लेव्हल्स' उघडा. तिथल्या पांढऱ्या ड्रॉपरने कागदाच्या कोऱ्या भागावर क्लिक करा. कागद पांढरा होईल आणि सही उठून दिसेल. त्यानंतर क्रॉप, स्केल, एक्सपोर्ट. एक लक्षात ठेवा, आयबीपीएस इंग्रजी कॅपिटल अक्षरांतली सही स्वीकारत नाही.

आधार नंबर झाकताना काय चुकतं?

अनेक जण मोबाइलमधल्या मार्कर किंवा हायलायटरने नंबरावर काळी रेघ ओढतात. ती रेघ अर्धपारदर्शक असेल, तर फोटोचा ब्राइटनेस वाढवून खालचे आकडे वाचता येतात. फक्त ब्लर करणंही पुरेसं नाही.

जिम्पमध्ये नंबरावर चौकोनी सिलेक्शन करा. 'एडिट' मेनूमधून 'फिल विथ एफजी कलर' निवडून गडद काळा रंग भरा. क्यूआर कोडही असाच झाका, कारण त्यात नाव, पत्ता आणि जन्मतारखेसारखी माहिती असते. मग नव्या नावाने जेपीजी एक्सपोर्ट करा आणि त्या चौकटीतल्या 'एक्झिफ' आणि 'थंबनेल'च्या टिक काढा. एक्झिफमध्ये फोटोची तारीख आणि कधी कधी ठिकाणही साठवलेलं असतं.

नुसतं कापणं पुरेसं असतं का? मार्च २०२३ मध्ये गूगल पिक्सेल फोनच्या 'मार्कअप' आणि विंडोज ११ च्या 'स्निपिंग टूल'मध्ये एक दोष समोर आला. क्रॉप करून टाकलेला भाग काही फाइलमध्ये तसाच राहत होता आणि परत मिळवता येत होता. कंपन्यांनी नंतर तो दोष दुरुस्त केला. पण आधी शेअर झालेले स्क्रीनशॉट त्याने सुरक्षित झाले नाहीत. म्हणून खासगी माहिती आधी काळी करा, मग कापा.

याहून सोपा मार्ग म्हणजे यूआयडीएआयच्या साइटवरून 'मास्क्ड आधार' डाउनलोड करणं. त्यात पहिले ८ अंक झाकलेले असतात, फक्त शेवटचे ४ दिसतात.

नेट कॅफेत जावंच लागलं तर?

घरी कॉम्प्युटर नसेल तर हेच काम कॅफेच्या कॉम्प्युटरवर स्वतः करा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं. काम झालं की फाइल डिलीट करा, रीसायकल बिन रिकामा करा आणि व्हॉट्सअ‍ॅप वेबमधून लॉगआउट व्हा.

चेहऱ्यावर ब्युटी फिल्टर मात्र लावू नका. परीक्षा केंद्रावर हाच फोटो तुमच्या चेहऱ्याशी जुळवून बघतात. ओळख पटली नाही, तर अडचण तुमचीच होईल.

फोटो आणि सहीच्या तयार फाइल मापासकट नाव देऊन एका फोल्डरमध्ये ठेवा, उदाहरणार्थ 'फोटो-२००-२३०'. पुढच्या अर्जाच्या शेवटच्या तारखेला धावपळ होणार नाही.