मोटरसायकलीच्या चाकांची व टायरांची मापे

मोटरसायकलीच्या टायरच्या बाजूवर उमटविलेले मापदर्शक अंक हे टायर आणि तो ज्यावर बसतो ते चाकाचे कडे म्हणजे रिम, या दोहोंचा मेळ दाखवितात. २.७५-१८ किंवा १००/९०-१७ अशा स्वरूपात ते आढळतात. पहिल्या संकेतातील दोन्ही अंक इंचांत आहेत. दुसऱ्यातील पहिला अंक मिलिमीटरमध्ये, मधला शेकडेवारीत व शेवटचा पुन्हा इंचांत आहे. टायरच्या रचनेत एका शतकाहून अधिक काळात जे बदल झाले, त्यांचे थर या सरमिसळीत साठलेले आहेत. अंकांचा अर्थ चुकीचा लावल्यास टायर रिमवर नीट बसत नाही आणि दुचाकी वाहनात अशी चूक चालकाच्या जिवावर बेतू शकते.

प्रारंभ : गोटलीप डाइमलर व व्हिल्हेल्म मायबाख यांनी १८८५ मध्ये जर्मनीत तयार केलेल्या दुचाकीची चाके लाकडी असून त्यांवर बैलगाडीच्या चाकाप्रमाणे लोखंडी धाव चढविलेली होती. हवा भरलेल्या टायरचे एकस्व रॉबर्ट विल्यम टॉमसन यांनी १८४५ मध्येच घेतले होते. परंतु तो प्रचारात आला नाही. बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये एकस्व घेतलेला टायर मात्र सायकलींवर झपाट्याने रूढ झाला. म्यूनिक येथे १८९४ पासून विक्रीसाठी बनविण्यात आलेल्या हिल्डेब्रांट व व्होल्फम्युलर मोटरसायकलीला हवेचे टायर होते.

बाह्य व्यासाची पद्धत : प्रारंभीच्या मोटरसायकलींनी सायकलींची मापनपद्धती उचलली. २८×३ याचा अर्थ टायरसह चाकाचा बाह्य व्यास २८ इंच व टायरची जाडी ३ इंच असा होई. यात रिमचा व्यास वजाबाकीने काढावा लागे. १९ इंची रिमवर ३ इंच जाडीचा टायर बसविल्यास त्याचे माप २५×३ होई, तर ४ इंच जाडीचा बसविल्यास २७×४ होई. म्हणजे रिम तीच असूनही दोन्ही अंक बदलत.

या काळातील टायरची रबरी कड रिमच्या आत वळलेल्या काठात अडकविलेली असे. ती हवेच्या दाबामुळेच जागेवर राही. वेगात असताना हवा गेली, तर टायर रिमवरून निसटण्याची भीती असे. याला पर्याय म्हणून चार्ल्स किंग्स्टन वेल्श यांनी १८९० मध्ये एकस्व घेतलेल्या रचनेत टायरच्या कडांमध्ये न ताणली जाणारी तार घातलेली होती. अशा टायरची एक बाजू रिमच्या मध्यभागी असलेल्या खोलगट भागात दाबून दुसरी बाजू काठावरून चढविता येते. मोटरसायकलींवर ही रचना १९२० नंतरच्या दशकात रूढ झाली.

रिमच्या व्यासाची पद्धत : तार ताणली जात नसल्यामुळे टायरच्या कडेचा व रिमचा व्यास तंतोतंत जुळणे अनिवार्य झाले. त्यामुळे संकेतही बदलला. ३.२५-१९ यात पहिला अंक टायरची नाममात्र रुंदी व दुसरा रिमचा व्यास दर्शवितो. रिमची रुंदी स्वतंत्रपणे सांगितली जाते. ब्रिटिश पद्धतीत तिला डब्ल्यूएम १ (१.६० इंच), डब्ल्यूएम २ (१.८५ इंच), डब्ल्यूएम ३ (२.१५ इंच) असे क्रमांक आहेत.

उंची-रुंदीचे गुणोत्तर : जुन्या टायरची उंची जवळजवळ रुंदीइतकीच असल्याने ती निराळी सांगण्याची गरज नव्हती. एंजिनांची शक्ती वाढली, तसे रुंद परंतु बुटके टायर आवश्यक झाले. इंचांच्या पद्धतीत ३.६० व ४.१० अशी मापे आली, ती ३.५० व ४.०० या मापांच्या तुलनेने बुटक्या टायरांची होती. अमेरिकेत एमटी९०-१६ असे अक्षरांचे संकेतही वापरात आले. मेट्रिक पद्धतीने गुणोत्तर उघडपणे नोंदविले. १००/९०-१७ या टायरची रुंदी १०० मिमी. व उंची तिच्या ९० टक्के, म्हणजे ९० मिमी. असते, १७ इंचांत (सु. ४३२ मिमी.) दुप्पट उंची मिळविल्यास बाह्य व्यास सु. ६१२ मिमी. येतो. रिमचा व्यास मात्र इंचांतच राहिला, कारण जगभरच्या रिमा व त्या घडविणारी यंत्रे त्याच मापांची होती. मोटारगाड्यांसाठी मिशलँ कंपनीने १९७५ मध्ये मिलिमीटरमधील रिमा आणल्या, पण त्या टिकल्या नाहीत.

चाकाचा व्यास : मोठे चाक खड्डे व दगड सहज ओलांडते; म्हणून खडबडीत मार्गावरील मोटरसायकलींना पुढे २१ इंची चाक असते. लहान चाक हलके असून चटकन वळते. याच कारणाने होंडा व्हीएफ७५०एफ (१९८३) व कावासाकी जीपीझेड९००आर (१९८४) यांना पुढे १६ इंची चाके देण्यात आली. त्यानंतर १७ इंची चाक वेगवान गाड्यांत प्रमाणभूत ठरले. १२०/८०-१६ या टायरचा बाह्य व्यास सु. ५९८ मिमी., तर १२०/७०-१७ याचा सु. ६०० मिमी. भरतो. म्हणजे चाकाचा एकूण आकार जवळजवळ तोच राहिला. टायर बुटका झाला व रिम तेवढी मोठी झाली.

भारतातील मापे : भारतात हे सर्व थर एकत्र नांदताना दिसतात. मद्रासमध्ये बनणाऱ्या एन्फील्ड बुलेटला दोन्ही बाजूंस ३.२५-१९ टायर असत, हीरो होंडा स्प्लेंडरला २.७५-१८, तर पुण्याजवळील आकुर्डीच्या बजाज चेतक स्कूटरला ३.५०-१०. बजाज पल्सर १५० या मोटरसायकलीला अनेक वर्षे पुढे २.७५-१७ व मागे १००/९०-१७ टायर होता; एकाच गाडीवर दोन्ही पद्धती होत्या.

मापांनंतरचे ४२ पी यांसारखे चिन्ह भार व वेग यांची मर्यादा सांगते : ४२ म्हणजे १५० किग्रॅ. व पी म्हणजे ताशी १५० किमी. टायर बदलताना रुंदी व गुणोत्तर यांत उत्पादकाने मान्य केलेल्या मर्यादेत फरक चालू शकतो. भार व वेग यांच्या मर्यादा विहित मर्यादांपेक्षा कमी चालत नाहीत. रिमच्या व्यासाचा अंक मात्र तंतोतंत जुळावाच लागतो.